सावरडोच्या उरलेल्या स्टार्टरचा पिझ्झा केला: पांढराफटक, आंबट, चिवट. काय चुकलं?

बरणीवाली:

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात माझी एक काचेची बरणी आहे. गेल्या तीन आठवड्यांचं उरलेलं सावरडो स्टार्टर (ब्रेड फुगवायला आंबवून ठेवलेलं मैदा-पाणी) तिच्यात साठलंय. स्टार्टरला नवा मैदा-पाणी घालायचं म्हणजे आधी त्यातलं बरंचसं काढून टाकायचं, आणि नेमकं हे टाकणंच मला जमत नाही. मैद्याची पिशवी तीन जिने चढून मीच वर आणते, मग ती सिंकमध्ये कशी ओतू? (एकदा ओतलं होतं. पाइपात त्याचा सिमेंट झाला. ती कहाणी पुन्हा कधीतरी.)

तर शनिवारी ठरवलं, एका फटक्यात बरणी रिकामी करायची आणि सगळ्याचा पिझ्झा.

बरणीतून ४०० ग्रॅम घेतलं. वर करडं पाणी तरंगत होतं, ते ढवळून टाकलं. त्यात २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पाणी, एक चमचा मीठ, एक चमचा ऑलिव्ह तेल. यीस्ट घातलं नाही, कारण स्टार्टर म्हणजे यीस्टच ना? पहिली पाच मिनिटं गोळा छान वाटला. मग जसजसं मळत गेले तसतसा तो आणखी सैल होत गेला. हातांना इतका चिकटला की दारावरची बेल वाजली तेव्हा मी कोपराने कडी काढली.

सहा तास झाकून ठेवला. फुगला नाही, नुसता पसरला. हातावर घेऊन ताणला तर मधोमध भोक. भोक बुजवलं तर शेजारी दुसरं. शेवटी ट्रेवर थापला आणि २३० अंशांना १८ मिनिटं भाजला. तळ ओलसर, कडा आजारी माणसाच्या चेहऱ्यासारख्या, आणि चावून चावून जबडे दुखले. धाकटा म्हणाला, "आई, ह्यावर लिंबू पिळलंयस का?" झालं, उत्साहावर विरजण.

बरणीत अजून तीनेकशे ग्रॅम आहे. हे पिझ्झ्याला चालतच नाही, की माझंच काही चुकलं?

घाईगडबड:

मैदा कमी पडला, बाकी काही नाही. चिकटतंय तोवर घालत राहायचा. मी कधीच मोजत नाही, हाताला कळतं.

आंबटशौकीन:

आयडी वाचून गैरसमज नको, मी ब्रेडपुरताच आंबटशौकीन आहे.

घाईगडबड, तुमच्या हाताला कळत असेल, पण इथे नुसता मैदा घालून भागणार नाही. चिकटपणा जाईल, फाटणं राहील. दुखणं वेगळं आहे.

बरणीवाली, आधी हिशेब करू. स्टार्टरमध्ये मैदा आणि पाणी समान वजनाचं आहे असं धरतो. म्हणजे तुमच्या ४०० ग्रॅममध्ये २०० मैदा नि २०० पाणी आधीच होतं. नवा मैदा २००, नवं पाणी १००. एकूण ४०० ग्रॅम मैद्याला ३०० ग्रॅम पाणी, म्हणजे ७५ टक्के. घरच्या ओव्हनसाठी मी ६२ ते ६५ टक्क्यांवर थांबतो. हे झालं पाण्याचं.

पण खरी गोम मैद्यात आहे. तुमच्या एकूण मैद्यातला निम्मा जुना होता, आणि त्यातला बराचसा कितीतरी दिवस आम्लात मुरलेला. पिठाला ताण येतो तो ग्लुटेनच्या, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांच्या जाळीमुळे. पिठातच प्रोटीएज नावाची एन्झाइम असतात, ती प्रथिनांचे तुकडे करतात, आणि आंबट वातावरणात त्यांना जोर चढतो. बरणीतल्या मैद्याची जाळी केव्हाच विरून गेली होती. विरलेल्या कापडाला टाका घातला की टाक्याच्या शेजारी फाटतं, तसंच तुमचं भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडत होतं. आणि मळताना सैल का झालं? नव्या मैद्याची जाळी जेमतेम धरत होती, तीही आम्लाच्या आणि एन्झाइमच्या तावडीत सापडली. मळण्यात तुमची कसूर नव्हती.

रंगाचंही मूळ तेच. कड तांबूस व्हायला पिठात थोडी साखर शिल्लक लागते. बरणीतल्या यीस्टने आणि बॅक्टेरियाने ती खाऊन संपवलेली असते. शिवाय पीठ जितकं आंबट तितका रंग उशिरा येतो. रंग येईना म्हणून तुम्ही १८ मिनिटं आत ठेवलंत, तेवढ्यात न फुगलेला पाव वाळून चिवट झाला.

राहिला यीस्टचा प्रश्न. स्टार्टरमध्ये यीस्ट असतं हे खरं, पण उपाशी स्टार्टरमधलं यीस्ट थकलेलं असतं. आंबटपणा लॅक्टिक बॅक्टेरियाला जेवढा सोसतो तेवढा यीस्टला सोसत नाही. म्हणून जुनं उरलेलं स्टार्टर मी फक्त चवीसाठी वापरतो. फुगवायचं काम चिमूटभर विकतच्या यीस्टकडे. ह्यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

माझं माप, साधारण २८ सेंटिमीटरच्या दोन पिझ्झ्यांचं: उरलेलं स्टार्टर १०० ग्रॅम, मैदा २८०, पाणी १५५, मीठ ७, तेल ८, साखर ४, इन्स्टंट यीस्ट १ ग्रॅम. स्टार्टरमधलं धरून एकूण मैदा ३३०, पाणी २०५. म्हणजे ६२ टक्के पाणी, आणि जुना मैदा एकूण मैद्याच्या १५ टक्के. २० टक्क्यांच्या वर मी जात नाही. एकदा ३० केलं होतं, तर पीठ परातीतून उचलताना माझ्याआधी ओट्यावर पोचलं.

मीठ आणि तेल सोडून सगळं कालवा आणि २५ मिनिटं विसरून जा. ह्या वेळात मैदा पाणी पितो आणि अर्धं मळणं आपसूक होतं. मग मीठ, तेल घालून सहा-सात मिनिटं मळा. चिमटीएवढा तुकडा ताणून उजेडासमोर धरा. पडद्यासारखा पातळ होऊन उजेड दिसला की झालं. दीड तास बाहेर ठेवा, दोन गोळे करा, तेलाचा हात लावलेल्या डब्यात घालून फ्रिजमध्ये २४ तास. ४८ झाले तरी उत्तम. भाजायच्या दीड-दोन तास आधी बाहेर काढा, ही पायरी गाळू नका.

ओव्हन जितका तापेल तितका तापवा. बहुतेकांचा २५० ला थांबतो. जाड ट्रे उलटा करून आतच ठेवा आणि तोही किमान ४५ मिनिटं तापू द्या. तळ ओला राहतो तो थंड ट्रेमुळे. सॉस दोन मोठे चमचे बस. ताजं मोझरेला असेल तर आधी निथळत ठेवा. ७ ते ९ मिनिटांत व्हायला हवा.

घाईगडबड:

अस्सल इटालियन पिझ्झ्यात साखर नि तेल घालत नाहीत असं ऐकलंय. हे कुठलं शास्त्र?

आंबटशौकीन:

बरोबर ऐकलंय. नेपल्सच्या पद्धतीत मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, संपलं. पण तिथली लाकडाची भट्टी ४३० अंशांच्या वर तापलेली असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. तेवढ्या आचेला रंगासाठी साखरेचं आर्जव करावं लागत नाही. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान दिला, आणि तो मान भट्टीसकट आहे. आपल्याकडे २५० अंश आणि आठ मिनिटं. एवढ्या वेळात तेल नसेल तर पाव कोरडा पडतो आणि साखर नसेल तर फिका राहतो.

शिळोप्याच्या गप्पा:

आंबटशौकीन यांचं बहुतेक पटलं, पण विकतचं यीस्ट घालायचं तर एवढी बरणी सांभाळायची कशाला? मी आदल्या रात्री उरलेल्यातलं २५ ग्रॅम घेते, त्यात ५० मैदा, ५० पाणी. खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर सकाळपर्यंत दुप्पट होतं, बुडबुड्यांनी भरतं. वर आलं की लगेच वापरायचं, खाली बसायला लागलं की त्याचं परत म्हातारपण सुरू. ते १२५ ग्रॅम वरच्या मापात स्टार्टरच्या जागी घाला, पाणी आणि मैदा दोन्ही १२-१३ ग्रॅमने कमी करा आणि यीस्ट गाळा. बाहेर दीड तासाऐवजी चार-पाच तास द्यावे लागतील. थंडीत आणखी. घड्याळाकडे नाही, गोळ्याकडे बघायचं.

आणि एक. करडं पाणी निरुपद्रवी असतं, त्यात अल्कोहोल असतं, स्टार्टर भुकेलंय एवढाच त्याचा अर्थ. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो तोही उपासमारीचाच. पण गुलाबी किंवा केशरी रेघ दिसली, किंवा केसाळ बुरशी, तर वरवर काढून बाकीचं वापरू नका. अख्खी बरणी कचऱ्यात. हात धजावत नसला तरी.

बरणीवाली:

एवढं सविस्तर! आभार. पण हिशेब वाचून पोटात गोळा आला, कारण मी स्टार्टरला वजनाने घालतच नाही. कपाने घालते. एक कप मैदा, अर्धा कप पाणी. म्हणजे तुमचं सगळं गणित कोसळलं का?

आंबटशौकीन:

तुमचं नशीब जोरावर आहे. कपभर मैदा साधारण १२५ ग्रॅम, अर्धा कप पाणी १२० ग्रॅम. जवळजवळ सारखंच. कपभर मैद्याला कपभर पाणी घालत असतात तर मात्र बरणीत खीर असती. वजनाचा काटा घ्या पण. कप दाबून भरला की तोच मैदा १५० ग्रॅम होतो.

बरणीवाली:

नऊ दिवसांनी परत आलेय. काटा घेतला. यीस्ट घालून केलं, शिळोप्याच्या गप्पा ह्यांची रीत पुढच्या खेपेला. एकदम दोन्ही केलं असतं तर काय कशामुळे झालं ते कळलं नसतं.

२५ मिनिटं विसरून जायचं होतं, मी खरंच विसरले, ५० झाली. बिघडलं काहीच नाही. मळताना ह्या वेळी बेल वाजली असती तर मी सरळ हाताने दार उघडलं असतं. पडद्याची परीक्षा दुसऱ्या प्रयत्नाला पास.

पहिला गोळा २४ तासांनी काढला आणि अर्थातच जी पायरी गाळू नका म्हणालात तीच गाळली. फ्रिजमधून थेट ओट्यावर. ताणला की रबरासारखा आखडून परत आपल्या जागी. चिडून लाटणं घ्यायला निघाले होते, तेवढ्यात बहिणीचा फोन आला. चाळीस मिनिटांनी आले तर तोच गोळा गुमान पसरला. मधून कडेकडे बोटांनी दाबत नेला, कडेला हात लावला नाही. साडेआठ मिनिटं. कड फुगली, तिच्यावर तांबूस ठिपके, तळ खडखडीत.

दुसरा गोळा ४८ तासांनी, ह्या वेळी दोन तास आधी बाहेर काढून. चवीला हा कितीतरी सरस. आंबटपणा आहे, पण मागून येतो. धाकट्याने दोन तुकडे संपवल्यावर विचारलं, "आज लिंबू नाही?" मी उत्तर दिलं नाही.

एक फजिती मात्र झाली. तापलेल्या उलट्या ट्रेवर पिझ्झा सरकवायचा कसा? मी बेकिंग पेपरसकट ठेवला. कागदाच्या कडा काळ्या पडून ओव्हनभर उडाल्या. नंतर खोक्यावर वाचलं, २२० अंशांपर्यंतच.

शिळोप्याच्या गप्पा:

सपाट लाकडी फळीवर थोडा रवा भुरभुरवा, त्यावर पिझ्झा पसरा आणि सॉस घालायच्या आधी फळी हलवून बघा. सरकत नसेल तर कड उचलून तिथे आणखी रवा. सॉस घातल्यावर वेळ काढायचा नाही, ओल खाली उतरते आणि चिकटतो. एका झटक्यात ओढायची फळी. कचरलात की अर्धा पिझ्झा आत, अर्धा दारावर.

बरणीवाली:

हो, करून बघते. आता शेवटचा प्रश्न. दोन पिझ्झ्यांना १०० ग्रॅमच लागलं. बरणीत अजून दोनशे आहे आणि आज-उद्या आणखी दोनशे पडणार. एवढे पिझ्झे कोण खाणार?

आंबटशौकीन:

तुम्ही स्टार्टरच फार मोठं पाळताय. बरणीत फक्त १० ग्रॅम ठेवा, त्याला २० मैदा, २० पाणी. एकूण ५०. ब्रेड करायच्या आदल्या रात्री लागेल तेवढं वाढवून घ्या. मग खेपेला काढायचं ते ४० ग्रॅम, आणि तेही ब्रेडमध्ये खपतं. माझ्याकडे गेल्या कित्येक महिन्यांत टाकायला काही उरलेलं नाही.

बरणीवाली:

उरणारच नाही? मग पिझ्झा कशाचा करू?