दुसरी लिफ्ट कोणासाठी?

सेक्रेटरी (फ्लॅट ४): सर्व सभासदांना नमस्कार. आपली जुनी बिल्डिंग पाडून जी नवी होतेय, तिच्या लॉबीचा सुधारित नकाशा आर्किटेक्टकडून आलाय, वर पीडीएफ टाकली आहे. लिफ्ट दोन. एक समोरच्या लॉबीतून, दुसरी मागून पार्किंगच्या बाजूने. मागचीला नकाशात ‘सर्व्हिस लिफ्ट’ म्हटलंय. घरकामाच्या बायका, ड्रायव्हर आणि डिलिव्हरीवाले यांनी तीच वापरायची असा नियम सोसायटीने आत्ताच करून ठेवावा, असं बिल्डरचं म्हणणं आहे. रविवारच्या सभेत हा विषय आहे. आपापलं मत आधी इथे मांडा, म्हणजे सभेत वेळ जाणार नाही.

फ्लॅट २: माझा पाठिंबा. सकाळी आठ ते दहा दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, कामाच्या बायका, सगळे एकदम येतात. मला साडेआठला स्टेशनवर असावं लागतं. रेल्वेच्या पुलापलीकडे, पार्ले वेस्टच्या जुहू स्कीममध्ये नव्या बिल्डिंगांत हीच पद्धत आहे. पार्ले ईस्टचे भावही आता कमी राहिलेले नाहीत, मग बिल्डिंग तशी नको का?

फ्लॅट १०: सहमत. मी तर फ्लॅट विकणारच आहे. घ्यायला येणारा माणूस पहिल्यांदा लॉबी बघतो.

फ्लॅट ७: मला पण ठीक वाटते. माझ्या मेव्हण्याच्या बिल्डिंगमध्ये आहे असं, कोणाची तक्रार नाही. लॉबी स्वच्छ राहते.

फ्लॅट ५: तक्रार करणार कोण? ज्यांना मागच्या दाराने जावं लागतं ते सोसायटीच्या ग्रुपवर नसतात.

फ्लॅट ११ (बाई): मी फोनवर बोलून लिहितेय, त्यामुळे मेसेज लांबेल. पण हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

दोन वर्षं होत आली, आम्ही भाड्याने स्कीममध्ये राहतोय, दहाव्या रस्त्याच्या जवळ, सहाव्या मजल्यावर. जागा छान आहे. झाडं मोठी आहेत, दुपारी इतकी शांतता असते की कोकीळ ऐकू येते. शेजारी वाईट नाहीत. दिवाळीत डबा आला, मी आजारी असताना समोरच्यांनी औषध आणून दिलं. तेव्हा कोणाला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये.

पण तिथली चाल वेगळी आहे. सकाळी पावणेसातला गेटसमोर गाड्यांची रांग लागते, इंजिनं चालूच. दप्तर ड्रायव्हरच्या खांद्यावर असतं, मुलगा अर्धवट झोपेत, आई फोनवर बोलता बोलता हात हलवते. शाळा म्हणाल तर चालत दहा मिनिटांवर! संध्याकाळी तीच मुलं त्याच गाडीतून क्लासला जातात. पहिल्याच आठवड्यात मी कापडी पिशवी घेऊन भाजीला निघाले तर वॉचमन धावत आला, “मॅडम, रिक्षा बुलाऊँ?” कॉलेजच्या बाजूला तर फूटपाथवरच गाड्या लावलेल्या असतात, चालायचं कुठून? कोणी विचारतं, “तुम्ही कुठून आलात?” मी म्हणते, पार्ले ईस्ट. “अच्छा, रिडेव्हलपमेंट!” की बोलणं संपलं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, दोन मुलं मोठी केली, त्यातलं काही विचारावंसं त्यांना वाटत नाही. पत्ता कळला की त्यांना माणूस कळलं.

आता लिफ्टचं. आपल्या जुन्या बिल्डिंगमधल्या मावशी अजून माझ्याकडे येतात. सहार गावातून निघतात, स्टेशनच्या पुलावरून पलीकडे उतरतात आणि पुढे बस. बावीस वर्षांचा संबंध आहे, मी नको म्हटलं तरी येतात. गेल्या जुलैत धो धो पाऊस होता आणि सर्व्हिस लिफ्ट दुरुस्तीला बंद होती. मी खाली दूध घ्यायला उतरले तर मावशी जिन्याच्या तोंडाशी भिजून उभ्या. त्यांचा उजवा गुडघा गेलेला आहे हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर समोरच्या लिफ्टने. गार्ड आडवा आला. चांगला मुलगा आहे, हात जोडून म्हणाला, “मॅडम, कॅमेरे में दिखता है, मेरी नौकरी जाएगी.” समोरची लिफ्ट तळमजल्यावर दार उघडून रिकामी उभी होती.

त्याच्याशी काय भांडणार? मी मावशींबरोबर जिना चढले. चौथ्या मजल्यावर दोघीही पायरीवर बसलो. मावशी धापा टाकत म्हणाल्या, “बाई, आपल्या बिल्डिंगीत दुसऱ्या माळ्यावर स्टूल असायचं.”

एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आपण परत आपल्या घरी जाणार म्हणून दिवस मोजतेय, आणि तिथेही त्यांना हेच सांगायचं असेल तर मला ते घर परकं वाटेल.

फ्लॅट ६: बाई, ते स्टूल आमच्या आजोबांनी ठेवलं होतं. ऑपरेशननंतर त्यांना तीन मजले एका दमात चढवत नव्हतं. ते गेल्यावर बाबांनी ते तिथेच राहू दिलं. गॅसवाला सिलिंडर टेकवून बसायचा, पोस्टमन बसायचा, मी शाळेतून आल्यावर चप्पल काढायला बसायचे.

फ्लॅट ५: मावशी आणि माझी सासू रोज अकरा वाजता तिथे पाच मिनिटं बोलायच्या. सासूबाई गेल्या तेव्हा बाराव्यापर्यंत स्वयंपाकघर मावशींनी सांभाळलं.

फ्लॅट २: बाई, तुम्ही मला पाचवीत शिकवलंय, तुमच्याशी वाद घालणार नाही. तुम्ही सांगितलंत ते वाचून वाईट वाटलं. पण वेळेचा प्रश्न खरा आहे हो. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरीचा गोखले पूल बंद झाला आणि बरीच वाहनं आपल्या पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावर आली. पुढचं वर्षभर मी घरातून निघायची वेळ अर्धा तास अलीकडे आणली होती. दिवसातलं प्रत्येक मिनिट मोजून वापरतो. लिफ्टसाठी पाच-सात मिनिटं थांबणं परवडत नाही. मला कोणाला कमी लेखायचं नाहीये.

फ्लॅट ९: मग मुद्दा लिफ्टच्या रचनेचा आहे, माणसांचा नाही. माझं कामच हे आहे म्हणून सांगतो. दोन लिफ्ट वेगवेगळ्या दारांना आणि वेगवेगळ्या माणसांना वाटून दिल्या की सकाळी एकीसमोर रांग आणि दुसरी रिकामी. बाईंनी नेमकं तेच बघितलं. त्याच दोन लिफ्ट शेजारी शेजारी घेऊन एकाच बटणावर जोडल्या तर जवळची असेल ती येते. थांबायचा वेळ सगळ्यांचाच कमी होतो, तुझाही.

आणि बिल्डर हा आग्रह का धरतोय तेही लक्षात घ्या. आपण विमानतळाच्या फनेलमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखाली येतो, उंचीवर मर्यादा आहे. मजले वाढवता येत नाहीत, म्हणजे त्याच्या वाट्याला विकायचे फ्लॅट मोजकेच. खर्च काढायचा तर प्रत्येक फ्लॅटचा भाव चढवायला हवा. म्हणून दुप्पट उंचीची लॉबी, म्हणून जिम, म्हणून वेगळी लिफ्ट. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे. पण त्याचं काम ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला मिळाल्यावर संपतं, पुढची चाळीस वर्षं त्या बिल्डिंगमध्ये आपण राहणार.

फ्लॅट ५: अजून एक. जुन्या नकाशात तळमजल्यावर वॉचमन आणि कामवाल्यांसाठी टॉयलेट होतं. नव्यात ती जागा जिमच्या चेंजिंग रूमला गेलीय. मी हॉस्पिटलमध्ये काम करते. दिवसभर पाणी न पिता राहणाऱ्या बायका लघवीच्या जंतुसंसर्गाने येतात, विचारलं की सांगतात, “जायला जागा नसते, म्हणून पाणीच पीत नाही.” सहा घरची भांडी घासणाऱ्या बाईने बारा तास कसे काढायचे? लिफ्टपेक्षा मला हे जास्त लागलंय. आणि दोन्हीपैकी एक लिफ्ट स्ट्रेचर जाईल एवढी लांब हवी, त्यात तडजोड नको.

सेक्रेटरी (फ्लॅट ४): टॉयलेट गेल्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. आत्ता नकाशा परत उघडून बघितला. ताई बरोबर सांगतायत.

फ्लॅट १२ (काका): मी इथला सगळ्यात जुना. थोडं ऐकून घ्या.

स्कीम म्हणजे पहिल्यापासून श्रीमंतांचीच, असं मुलांना वाटतं. तसं नाही. हाटकेश, विठ्ठलनगर, नूतन लक्ष्मी ही नावं अजून पाट्यांवर आहेत, ती सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांची आहेत. एकत्र येऊन जमीन घ्यायची आणि घरं बांधायची, हा मार्ग त्यांचाही तोच आणि आपलाही तोच. जमिनीला सोन्याचा भाव आला तशा भिंती उंच झाल्या. आपल्याकडेही आता तोच भाव येतोय. पूल ओलांडायची गरज नाही, पलीकडचं सगळं इकडे यायला लागलंय.

आणि आपण पार्लेकर तरी कुठे मोकळे आहोत? आपली श्रीमंती वेगळ्या जागी असते इतकंच. मुलगा कुठल्या शाळेत, दहावीला किती टक्के, अमेरिकेत कुठल्या गावात. १९२१ साली टिळक विद्यालय निघालं, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. त्याचा मला अभिमान आहे, सेवा संघाच्या वाचनालयात मी मोठा झालो. पण ‘आम्ही पार्ल्याचे’ म्हणताना आपला स्वर चढतो तोही मी ऐकलाय, माझ्या स्वतःच्या तोंडून. नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाशी आपल्या जुन्या बिल्डिंगमध्ये वर्षभर कोणी नीट बोललं नव्हतं. नाटकाला जात नाहीत, पुस्तकं वाचत नाहीत, म्हणून. फ्लॅट ७, तुम्हाला आठवत असेल.

बिस्किटांचा कारखाना चालू होता तेव्हा गाडी पार्ल्यात शिरली की डब्यात तो भाजलेला गोड वास यायचा. २०१६ साली कारखाना बंद झाला. तिथे कामाला जाणारे, विमानतळावरचे लोडर, शाळेतले मास्तर, बँकेतले आम्ही, सगळे एकाच मार्केटात स्टेशनबाहेर भाजी घ्यायचो. भाजीवालीकडे रांग एकच असायची.

फ्लॅट ७: काका, आठवते. ते कुटुंब आमचंच. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा वर चहाला बोलावलं ते बाईंनी. आमची बा शेवटपर्यंत ते सांगायची. मी वर लिहिलं ते घाईत लिहिलं. माझा ड्रायव्हर चौदा वर्षांपासून आहे, बाला डायलिसिसला तोच न्यायचा, हाताला धरून. त्याला मी मागच्या दाराने ये सांगू शकणार नाही. माझं मत बदललं असं लिहा.

फ्लॅट १०: भावना समजतात. पण मी पवईत राहतो, मला फ्लॅट विकायचा आहे, आणि घेणारे हे विचारतात ही वस्तुस्थिती आहे. माझा विरोध नोंदवा.

सेक्रेटरी (फ्लॅट ४): नोंदवतो. सभेतही मांडा, तुमचा तो हक्कच आहे.

फ्लॅट २: ९ नंबर दादा, एकाच बटणावर जोडायला खर्च किती वाढेल? आणि जागा बदलून दोन्ही शेजारी येतील का?

फ्लॅट ९: खर्च फार नाही. कंत्राट निघायच्या आधी सांगितलं तर बिल्डरला नाही म्हणायला कारण उरत नाही. लॉबीची रुंदी साधारण चार फूट कमी होईल. सोफा आणि कारंजं जाईल.

फ्लॅट २: कारंजं गेलं तरी चालेल. बाई, मावशींना सांगा, ठराव मी मांडतोय.

फ्लॅट ११ (बाई): सांगते. अनुमोदन मी देते.

सेक्रेटरी (फ्लॅट ४): विषयपत्रिकेत दुरुस्ती: (अ) दोन्ही लिफ्ट शेजारी, एकाच बटणावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांसाठी, एक स्ट्रेचरच्या मापाची. (आ) तळमजल्यावरचं टॉयलेट मूळ नकाशाप्रमाणे परत, पाणी आणि दिव्यासह. सूचक फ्लॅट २, अनुमोदक फ्लॅट ११. लेखी विरोध फ्लॅट १०. रविवारी सकाळी साडेदहा, नेहमीच्या हॉलमध्ये. लांब राहायला गेलेल्यांनी थोडं लवकर निघा.

फ्लॅट ६: स्टूल दहिसरला आमच्या बाल्कनीत आहे, त्यावर तुळस ठेवलीय. एक पाय डुगडुगतोय. पझेशनच्या आधी सुताराला दाखवते.