विषय: माउंट रॉयलची सहल: पायऱ्यांनी जावे की ऑल्मस्टेडच्या रस्त्याने?

सप्रेम नमस्कार,

मंडळाची ऑक्टोबरची सहल आपल्या मॉन्ट्रियल शहरातल्या माउंट रॉयल डोंगरावर ठरल्याचे वाचून आनंद झाला. मात्र पत्रकात पील रस्त्याच्या वरच्या टोकाशी जमून पायऱ्यांनी चढायचे, असे लिहिले आहे, म्हणून एक अडचण मांडते. माझ्या सासूबाई सध्या पुण्याहून आल्या आहेत. तिथे त्या रोज सकाळी तळजाईवर फिरतात, त्यामुळे चालण्याचे त्यांना काही वाटत नाही. पण पायऱ्या आल्या की उजवा गुडघा धरतो. असे आणखी चार-पाच जण तरी निघतील. त्यांना गाडीने थेट वर सोडायचे का, ते कृपया कळवावे.

आपली,
मंडळाची एक सभासद

*

वहिनी, सप्रेम नमस्कार,

आपण वेळेवर लिहिलेत, हे फार बरे झाले. पायऱ्यांचा मजकूर माझाच होता आणि तो मी बदलत आहे. पण सासूबाईंना गाडीने वर सोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हे उद्यान १८७६ साली खुले झाले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दोन रचनाकारांपैकी एक, फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड, यांनी त्याचा आराखडा केला. डोंगर जेमतेम २३३ मीटरचा. पण तो सावकाश, वळणावळणाने चढत गेले तर मोठा वाटतो, हे त्यांनी ओळखले होते, आणि म्हणून घोडागाडीलाही दम लागू नये इतक्या सौम्य चढाचा रस्ता त्यांनी सुचवला. पुढे मंदी आली, आराखड्यातले बरेचसे राहून गेले आणि रस्ताही घाईघाईने, त्यांच्या मनासारखा न होता बांधला गेला. तरीही चढ सौम्यच राहिला, आणि आज त्याचा लाभ म्हाताऱ्या माणसांना आणि बाबागाड्यांना होतो.

मी हे अनुभवाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी बाबांना मी पायऱ्यांनी वर नेले. वरच्या सज्जाच्या कठड्याला धरून ते बराच वेळ नुसते धापा टाकत उभे राहिले. समोरची नदी त्यांनी पाहिलीच नाही. पुढच्या आठवड्यात पार्क अव्हेन्यूवरच्या कार्तिए स्मारकापासून रस्त्याने निघालो. एका वळणावर त्यांनी ओकचे पडलेले फळ उचलले, त्याची खवल्यांची टोपी नखाने अलगद काढली, पुन्हा बसवली आणि ते खिशात टाकले. वर पोहोचायला आम्हाला दीड तास लागला, पण या वेळी कठड्याशी बाबा बोलत होते: खाली उंच इमारती, पलीकडे सेंट लॉरेन्स, आणि दूर सपाटीतून एकटाच वर आलेला सेंट हिलेरचा डोंगर. शहरातल्या इमारतींनी या डोंगरापेक्षा उंच जायचे नाही असा नियम आहे, म्हणून हे दृश्य अजून टिकले आहे. त्या सज्जाला कोंडियारोंक यांचे नाव आहे; फ्रेंच आणि इथल्या मूळनिवासी राष्ट्रांमध्ये १७०१ साली झालेल्या महातहासाठी झटलेले ते वेंडाट या मूळनिवासी लोकांचे नेते. मुलांना ते अवश्य सांगावे.

ज्यांना तेवढेही चालणे जमणार नाही, त्यांनी माँ-रॉयाल मेट्रोपासून ११ क्रमांकाच्या बसने बीव्हर तळ्यापर्यंत यावे. तिथून शालेपर्यंतची (म्हणजे सज्जालगतच्या विश्रांतीच्या इमारतीपर्यंतची) वाट सोपी आहे. शालेत स्वच्छतागृह आहे.

एक विनंती मात्र सर्वांनाच. गेल्या सहलीत परतताना आपल्यातले काही जण वळणे टाळून झाडीतून सरळ खाली उतरले, आणि मीही त्यांना अडवले नाही, याची मला खंत आहे. खडकावर मातीचा थर पातळ आहे; पावलांनी ती सुटते आणि मुळे उघडी पडतात. जानेवारी १९९८ च्या बर्फाळ पावसाने इथली असंख्य झाडे मोडली, आणि त्यांच्या जागी वाढणारी रोपे याच उतारांवर आहेत. तेव्हा उतरतानाही रस्ता सोडू नये.

आपला,
सहल समिती

*

सप्रेम नमस्कार,

सासूबाईंना आपले पत्र वाचून दाखवले. त्या रस्त्यानेच येणार आहेत, आणि नऊऐवजी साडेआठला निघावे असे त्यांचे म्हणणे आहे, म्हणजे वाटेत बाकांवर बसायला वेळ मिळेल. स्मारकापाशी आम्ही सव्वाआठला हजर असू.

आपली,
मंडळाची एक सभासद