न्यूमोनियानंतर पडून राहिलं की अपराधी वाटतं, आराम नेमका करायचा तरी कसा?

केतकीपान:
न्यूमोनिया होऊन मला पाच आठवडे झाले. ताप गेलाय, एक्सरे बराच क्लिअर आहे, डॉक्टर म्हणाले आराम करा. पण किती आणि कसा ते कुणी सांगत नाही. झोपून राहिले की वाटतं घरातले सगळे राबतायत आणि मी लोळतेय. मध्ये एक दिवस जरा बरं वाटलं म्हणून कपाट आवरायला काढलं, दोन तास लागले, तेव्हा काही झालं नाही उलट छान वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून जी गळून गेले ती कालपर्यंत उठवत नव्हतं. आंघोळ करून आले तरी टेकावं लागतं. नवरा, सासूबाई कुणी काही बोलत नाही, मलाच सहन होत नाही. किती दिवस चालतं हे?

निवांत_क्षण:
पाच आठवडे म्हणजे काहीच नाही गं. मला झाला होता तेव्हा जो माहितीचा कागद मिळाला त्यात साधारण असं होतं की १ आठवड्यात ताप जातो, ४ आठवड्यांनी छातीचं दुखणं आणि कफ कमी होतो, ६ आठवड्यांनी खोकला आणि दम, ३ महिन्यांनी बाकीचं बहुतेक जातं पण थकवा राहू शकतो, आणि पूर्ण पहिल्यासारखं वाटायला बऱ्याच जणांना ६ महिने लागतात. मी तो फ्रीजवर चिकटवून ठेवला होता, घरच्यांपेक्षा मलाच वाचायची गरज होती. कपाटाचं म्हणशील तर मीही तेच करायचे, बऱ्या दिवशी साठलेलं सगळं उरकायचं की मग दोन दिवस आडवी. शेवटी ठरवलं की बरं वाटतंय तेव्हाच थांबायचं. मोबाईलवर २० मिनिटांचा अलार्म, तो वाजला की हातातलं ठेवून अर्धा तास पडायचं, दमलेली असू दे नाहीतर नसू दे. सुरुवातीला फार जड जातं हे, कारण दमल्याशिवाय बसायचं नसतं असंच आपल्या अंगात मुरलेलं असतं. आणि आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल घे, पाणी फार कडक नको, माझा निम्मा जीव तिथेच जायचा.

फिजिओ_रा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरचं बरोबर आहे, फक्त दिवसभर पलंगावरच राहू नका, स्नायू फार पटकन कमी होतात. अधूनमधून खुर्चीत बसा, घरातल्या घरात चाला, चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दम लागून तुटत असेल तर वेग कमी करा. जास्त झालं का ते त्याच वेळी कळत नाही, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी कळतं, तुमच्या कपाटाचं तेच झालं. दोन दिवस नीट गेले तरच थोडं वाढवा. थोड्याशा कामानेही दरवेळी असंच कोसळायला होत असेल तर जोर लावू नका, डॉक्टरांना सांगा. ताप परत आला, बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यात रक्त दिसलं तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

बायकोचा_ड्रायव्हर:
आमच्याकडे बायको आजारी होती. विचारलं की "बरी आहे" म्हणायची आणि उठून कामाला लागायची, मग मला वाटायचं खरंच बरी आहे. नंतर आम्ही रोज सकाळी दहापैकी आकडा विचारायला लागलो. चार म्हणाली की त्या दिवशी तिने काही उचलायचं नाही, वाद नाही. केतकीताई, घरचे गप्प आहेत कारण त्यांना कळत नाहीये काय करावं, तुम्ही आकडा सांगून बघा.

केतकीपान:
सगळ्यांना खूप थँक्स. स्टूल काल आणलं, आज आंघोळीनंतर पहिल्यांदाच टेकावं लागलं नाही. सकाळी नवऱ्याला पाच सांगितलं तर त्याने स्वतःहून कपड्यांच्या घड्या घातल्या. एक खण अर्धा राहिलाय, अलार्म वाजला तसा तो तसाच सोडून आले. दुपारी झोपलं तर रात्री झोप येत नाही, त्याचं काय करता तुम्ही लोक?