प्रायमरी कोण जिंकवतं: कुंपणावरचे की घराबाहेर पडणारे?

जर्सीकर
निवडणूक आली की टीव्हीवरचे पंडित 'अजून ठरलं नाही' म्हणणाऱ्या मतदाराच्या मागे लागतात. माझ्या मते प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदानाने ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्याला फुकटचा भाव मिळतो. २४ जून २०२५ची न्यूयॉर्कच्या महापौरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी बघा. बहुतेक जनमत चाचण्यांत न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो पुढे होते. पण पहिल्या फेरीत त्यांचे तरुण प्रतिस्पर्धी जोहरान ममदानींना ४३ टक्क्यांच्या वर मतं पडली, कुओमो ३६वर अडकले. कुंपणावरच्यांनी रातोरात उडी मारली म्हणून हे झालं नाही. चाचणीवाले 'संभाव्य मतदार' ठरवताना गेल्या वेळी कोण आलं होतं ते बघतात आणि या वेळी त्या यादीबाहेरचे तरुण आले. २०२१च्या प्रायमरीत साडेनऊ लाखांच्या आत मतदान होतं, २०२५ला ते साडेदहा लाखांच्या वर गेलं. मुदतपूर्व मतदान तर जवळपास दुप्पट. आणि हे सगळं शंभर फॅरनहाइटच्या आसपासच्या उकाड्यात!

क्वीन्सवासी
अहो, अर्धंच सांगताय. फेब्रुवारीत हेच ममदानी एका चाचणीत १ टक्क्यावर होता. चार महिन्यांत त्यांना तिथून ४३वर न्यायला लाख-सव्वा लाख जादा मतदार पुरतात होय? आधीपासूनचे मतदारही वळलेत. मी जॅक्सन हाइट्समध्ये दारं ठोठावत फिरले आहे, कोणाच्या बाजूने ते सोडा. एक बांगलादेशी काकू दारातच म्हणाल्या, "कुओमोला देणार, कोविडमध्ये रोज टीव्हीवर यायचा." नाव ओळखीचं, एवढंच कारण. मग ममदानींच्या भाडेवाढ गोठवण्याच्या आश्वासनाचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी आतून घराचं भाडेपत्र आणलं आणि मलाच विचारलं, "माझं घर यात बसतं का?" दहा मिनिटं त्या कागदावरच गेली. चाचणीवाल्याने आदल्या दिवशी फोन केला असता तर काकू 'पक्का कुओमो' म्हणून नोंदल्या गेल्या असत्या. खरे कुंपणावरचे हे असे असतात, त्यांना स्वतःलाही पत्ता नसतो.

शिवाय २०२०ची राष्ट्राध्यक्षपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी विसरलात. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे वजनदार खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला, २९ला ते राज्य बायडन यांच्या खिशात. मग बुटिजेज आणि क्लोबुचर हे प्रतिस्पर्धी शर्यतीतून बाहेर पडले, आणि ३ मार्चला मतदान झालेल्या चौदापैकी दहा राज्यं बायडन यांची. मॅसॅच्युसेट्समध्ये ते प्रचाराला फिरकलेही नव्हते. तिथे कुठली संघटना लोकांना घराबाहेर काढत होती?

जर्सीकर
बायडन यांचा मुद्दा मान्य. पण तिथे मैदानातून माणसं गेली, म्हणून त्यांचे मतदार मोकळे झाले. न्यूयॉर्कमध्ये तर पसंतीक्रमाने पाच नावं लिहिता येतात. मन डळमळत असेल तर दोघांनाही लिहा! ममदानी आणि आणखी एक उमेदवार ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना पुढची पसंती द्या म्हणून सांगितलंच होतं. मागे पडलेल्यांची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे वळल्यावर शेवटी ममदानी ५६, कुओमो ४४ असं झालं. पण पहिल्या फेरीतली सात टक्क्यांची आघाडी आधीच खिशात होती.

कोरा_रकाना
तुमचं चालू द्या. आमच्यासारख्यांना आतच घेत नाहीत. नागरिकत्व मिळाल्यावर मतदार म्हणून नोंदणी करताना पक्षाच्या रकान्यात 'कुठलाच नाही' लिहिलं. म्हटलं, उगाच कशाला शिक्का. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद पद्धतीची, फक्त त्या पक्षात नोंदलेल्यांनाच मत. पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपली होती, तेव्हा उमेदवारांची नावंही धड माहीत नव्हती. शहरात असे पक्षाविना नोंदलेले दहा लाखांच्या आसपास आहेत. खरे तटस्थ आम्हीच, आणि आम्हीच दाराबाहेर! नदीपलीकडे तुमच्या जर्सीत तरी केंद्रावर जाऊन आयत्या वेळी पक्ष सांगता येतो.

क्वीन्सवासी
हो, पण नोंदलेले डेमोक्रॅट तीस लाखांवर आहेत. त्यांतला तिघांमागे एकच आला. ज्यांना दार उघडं होतं ते तरी कुठे आले?

लातूरकर
मंडळी, तुमचं भांडण श्रीमंताघरचं आहे. आमच्याकडे पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, कोणाच्या हातात पडतो ते अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी कळतं. २०१४ला काँग्रेसने मोजक्या लोकसभा मतदारसंघांत प्रायमरी घेऊन पाहिली, त्यात आमचं लातूर आणि वर्धा होतं. मतदार कोण? पक्षाचेच पदाधिकारी आणि कार्यकर्ते. सामान्य माणसाला मत नाही, त्यामुळे कुंपणावरच्याला पटवायची कटकटच नाही. ज्याच्या गटाची माणसं जास्त, तो जिंकणार. पुढे मूळ निवडणुकीत दोन्ही जागा भाजपने नेल्या. मोदी लाट होतीच, पण बाहेरच्याला विचारलंच नाही तर तो काय म्हणतो ते मतमोजणीलाच कळणार ना?

जर्सीकर
लातूरकर, हे माझ्याच बाजूचं झालं की! गर्दी ज्याची, तिकीट त्याचं.

लातूरकर
तिकीट त्याचं, साहेब. खासदारकी दुसऱ्याची.