खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीला सम्प (खाली ठेवायची फिल्टरची टाकी) किती मोठा घ्यावा? (परभणी, लोडशेडिंग धरून)

परभणीकर:
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याची टाकी ६ वर्षं सांभाळली, आता खाऱ्या पाण्यात उतरायलोय. टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. २ क्लाउनफिश आणि थोडे सोपे कोरल ठेवायचा विचार आहे. स्टँडच्या आत ४४ इंच लांब, १७ इंच खोल जागा आहे, उंची २८ इंच. दुकानदार म्हणतो २ फुटाचा तीन कप्प्यांचा तयार सम्प घ्या, पुरेल. खरंच पुरेल का? आमच्याकडं लाईट दिवसातून दोन-तीनदा जाते. घर पहिल्या मजल्यावर आहे, खाली भाडेकरू राहतात, म्हणून वडिलांना पाणी सांडायची धास्ती आहे.

नांदेडहून:
दादा, जागा आहे तर मोठाच घ्या. फक्त एक बघा, सम्प स्टँडच्या दारातून आत जातो का ते आधी मोजा. माझ्या स्टँडला मधोमध खांब होता, सम्प आल्यावर तो कापावा लागला.

लातूरकर:
भाऊ, २ फुटाचा घेऊ नका. मी तोच घेतला होता, टाकी तुमच्याच मापाची. काय झालं ते आकड्यांनिशी सांगतो.

लाईट गेली की रिटर्न पंप (सम्पातलं पाणी परत वरच्या टाकीत चढवणारा) थांबतो आणि वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली यायला लागतं. पाइपाचं तोंड उघडं पडून हवा ओढेपर्यंत ते थांबत नाही. माझ्या पाइपाचं तोंड पाण्याखाली ३ इंच होतं. ४८ बाय १८ इंचाच्या टाकीत १ इंच पाणी म्हणजे सुमारे १४ लिटर, म्हणजे ४२ लिटर खाली आलं. सम्पात रिकामी जागा २८ लिटरची. उरलेलं १४ लिटर खारं पाणी रात्री २ वाजता हॉलमध्ये. आईची लाकडी पेटी फुगली, ती आजही तशीच आहे.

आता माझा सम्प ३६ बाय १५ इंच, उंची १६ इंच. चालू असताना पाणी ९ इंच ठेवतो, वरचे ७ इंच रिकामे. त्यात ६० लिटर मावतं. रिटर्नचं तोंड पाण्याखाली पाऊण इंचच ठेवलंय आणि पाइपाला पाण्याच्या रेषेच्या जरा खाली ३ मिलिमीटरचं छिद्र पाडलंय, म्हणजे हवा लवकर शिरते. ते छिद्र दर आठवड्याला काडीनं साफ करायचं. एकदा त्यावर गोगलगाय बसली होती. पाइपात एकतर्फी वॉल्व्ह टाकून निर्धास्त होऊ नका, त्यात चुना आणि मीठ बसतं आणि ऐन वेळी तो बंद होत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची, आपल्याकडं ती लोडशेडिंगएवढीच मोठी आहे. मे महिन्यात माझ्या टाकीतून दिवसाला ७ लिटर पाणी उडतं. बाकीच्या कप्प्यांतली पातळी पार्टिशनमुळे तशीच राहते, घट दिसते ती फक्त रिटर्नच्या कप्प्यात, म्हणजे रिटर्न पंप असतो त्या. जुन्या सम्पात तो कप्पा ६ बाय १२ इंच होता, म्हणजे ७ लिटर गेलं की ६ इंच पातळी उतरायची आणि पंप हवा खायचा. आताचा १४ बाय १५ आहे, तेवढ्याच पाण्याला २ इंच उतरतो. म्हणून कप्पे करून घेताना रिटर्नच्या कप्प्याला सगळ्यात जास्त जागा द्या. दुकानदार फिल्टरच्या कप्प्याला देतात.

उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागं राहतं. एकूण ३०० लिटरातलं २१ लिटर तीन दिवसांत भरलं नाही तर क्षारता (हजार भाग पाण्यात मीठ किती) ३५ वरून साडेसदतीसवर जाते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, मिठाच्या नाही. मी २० लिटरच्या कॅनमधून फ्लोट वॉल्व्हनं (पातळी उतरली की आपोआप उघडणारा) देतो. कॅन मुद्दाम लहान ठेवलाय, फ्लोट अडकला तरी ते सगळं पाणी सम्पात मावतं.

पाणी आरओचंच लागेल. माझ्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १२०० आहे. घरचा आरओ वापरणार असाल तर त्यातला टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद करा आणि मिनरलचा कार्ट्रिज काढा, नाहीतर तेच क्षार परत मिसळतात. पुढं एक डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरणारा) फिल्टर लावा. आरओचं टाकाऊ पाणी मी बादलीत धरतो, त्यातच फरशी पुसली जाते. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी मासे मित्राकडं पुण्याला पाठवून टाकी कोरडी केली होती. तेव्हापासून घरात एक लिटरही सांडू देत नाही.

परभणीकर:
एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. पाण्याच्या गरमीचं काय? चिलर परवडत नाही. आणि देखभालीला वेळ किती जातो?

लातूरकर:
सम्पावर दोन छोटे पंखे तिरके लावा. आपली हवा कोरडी, त्यामुळं कूलरसारखंच काम होतं. माझं पाणी ३१ वरून २८ वर येतं. मुंबईच्या दमट हवेत एवढा फरक पडत नाही. पाणी मात्र जास्त उडतं, ते कॅनमधून भरा.

सम्पात येणारं पाणी गाळणारा कापडी मोजा दर तिसऱ्या दिवशी बदलतो. चार मोजे ठेवलेत, साबण न लावता धुऊन उन्हात वाळवतो. स्किमरची (फेसातून घाण काढून कपात जमवणारं यंत्र) मान दोन दिवसांनी पुसायची. पंप तीन महिन्यांनी व्हिनेगरात भिजवतो, नाहीतर चुना बसून आवाज करतो. महिन्यातून एकदा सम्पाच्या तळाचा गाळ नळीनं ओढून काढा, नायट्रेट तिथूनच वाढतं. आणि स्किमर ठेवलात तर कप वर उचलायला जागा आहे ना बघा. १६ इंचाच्या सम्पावर तुम्हाला १२ इंच उरतील, तेवढे पुरे.

रिटर्न पंप डीसी घ्या, ४० वॅटचा, इन्व्हर्टरवर टाका. जुन्या सीलिंग फॅनला याहून जास्त वीज लागते. वायरी सॉकेटकडं जाताना आधी खाली झोल देऊन न्या, म्हणजे थेंब सॉकेटात शिरत नाही. ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय त्या पाण्यात हात घालू नका.

परभणीकर:
३६ बाय १५ चाच करायला सांगितला. वडिलांना मापं दाखवली. ते म्हणाले, आधी गोडं पाणी भरून दहा वेळा मेन स्विच बंद करून दाखव.

लातूरकर:
वडील बरोबर आहेत. पण दर वेळी १५ मिनिटं थांबा, पाणी उतरायचं पूर्ण थांबू द्या. सम्पात जिथवर चढेल तिथं मार्करनं रेघ मारा आणि त्या रेघेच्या वर किती इंच उरले ते इथं कळवा.