दिवा फाटक 'कायमचं बंद करा' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

दिवा_पूर्व
काल इथे एकाने लिहिलं की दिवा फाटक, म्हणजे ठाणे-कल्याणच्या मधल्या दिवा स्टेशनजवळचं रेल्वे फाटक, उद्याच्या उद्या कायमचं बंद करा, चार रिक्षांसाठी कल्याण-कर्जत-कसाऱ्याच्या लाखो लोकांनी का खोळंबायचं, आणि पुलावर कोट्यवधी घालण्यापेक्षा दिव्याच्या लोकांनी जिने चढावेत. वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

फाटक उघडं असलं की सिग्नल मिळत नाही, मान्य. बूम, म्हणजे फाटकाचा दांडा, खाली येऊन लॉक झाल्याशिवाय मिळणारच नाही, इंटरलॉकिंग म्हणजे फाटक आणि सिग्नलची जोडणी तशीच असते. बूम खाली येताना एखादी रिक्षा घुसते, मध्ये अडकते, गेटमनला परत वर घ्यावं लागतं आणि मागे लोकल उभी. त्या लोकलमध्ये मीही लोंबकळत असतो हो. पण फाटक बंद केलं तर रात्री पेशंट घेऊन पूर्वेचा माणूस जाणार कुठून? दोन वर्षांपूर्वी वडिलांना दम्याचा अटॅक आला, रिक्षा फाटकाला उभी, एक मेल गेली, मग स्लो, मग उलट्या बाजूने फास्ट. शेवटी मी आणि भावाने वडिलांना उचललं, दांड्याखालून वाकून रूळ ओलांडले. एका हातात त्यांची चप्पल होती माझ्या, का उचलली होती ते आजही कळत नाही. चूक होती, माहीत आहे. पण मला कोणी जिने चढा सांगू नका.

खर्चाचं म्हणाल तर रेल्वे सुरक्षेवरच्या काकोडकर समितीने २०१२ मध्येच सांगितलं होतं की देशातली सगळी फाटकं पाच वर्षांत काढा, ५० हजार कोटी लागतील आणि फाटकांचा खर्च वाचून, गाड्या सुरळीत चालून सात-आठ वर्षांत वसूलही होतील. म्हणजे पूल हा खर्च नाही, पूल न बांधणं हा खर्च आहे, आणि तो आपण रोज भरतोय.

बदलापूर_स्लो
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण माझंही ऐका. आमच्याकडे तीन लेटमार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. गेल्या महिन्यात दोनदा कापला, आणि बहुतेक वेळा गाडी दिव्याच्या अलीकडेच उभी होती. माझ्या पोरीची ट्यूशनची फी त्यातूनच जाते. फाटक उघडं आहे तोवर पुलाची घाई कुणालाच नाही, ना महापालिकेला ना रेल्वेला, कारण काम चालतंय ना कसंतरी. बंद करा, मग बघा पुलाच्या पूर्वेकडच्या उताराची जागा किती पटकन मोकळी होते.

दिवा_पूर्व
जागा मोकळी होते म्हणजे काय? तिथे माणसं राहतात. त्यांना आधी घर द्या, मग उतार बांधा.

अंधेरी_पूर्व
पूल पूल करताय म्हणून सांगतो. आमच्या अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग ३ जुलै २०१८ ला रुळावर कोसळला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये अख्खा पूल बंद केला, आणि २०२४ मध्ये नवीन पुलाची एक बाजू उघडली तेव्हा कळलं की शेजारच्या बर्फीवाला पुलाशी उंचीच जुळत नाही. मधल्या काळात सगळी वाहतूक सबवेवर, आणि अंधेरी सबवे म्हणजे एक जोराची सर आली की बंद. पूल बांधून खर्च संपत नाही, तो पन्नास वर्षं सांभाळावा लागतो, हे काकोडकरांच्या हिशोबात घालून बघा.

रिटायर्ड_पीवे
३१ वर्षं रेल्वेत काढली म्हणून बोलतो. मूळ लफडं वेगळंच आहे. फाटकावर पूल हवा की नको हे टीव्हीयूवर (ट्रेन व्हेईकल युनिट) ठरतं, दिवसाच्या ट्रेन गुणिले रस्त्यावरची वाहनं. आकडा एक लाखाच्या वर गेला की खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा निम्मा. त्यात ट्रक एक, बैलगाडी एक, रिक्षा अर्धी, मोटरसायकल पाव. आणि पायी माणूस? शून्य. कडेवर पोर घेऊन रूळ ओलांडणारी बाई त्या रजिस्टरमध्ये नाहीच. म्हणून पूल होतो तो गाड्यांचा. विजेच्या तारेखातर रुळापासून साडेसहा मीटर मोकळे लागतात, वर गर्डरची जाडी, म्हणजे रस्ता आठेक मीटर चढवायचा. तीस मीटरला एक मीटर चढ धरला तरी प्रत्येक बाजूला अडीचशे मीटरचा रॅम्प. समोरच्या दुकानात दूध आणायला कोण चढणार तो? लोक रूळच ओलांडतात, आणि मरतात.

बदलापूर_स्लो
हे टीव्हीयूचं माहीत नव्हतं. तरी सांगतो, दिव्याचा अर्धा प्रॉब्लेम गेटमनचा आहे. बूम टाकायला उशीर, समोर रिक्षा दिसतेय आणि हा आपला केबिनमध्ये बसलेला.

गेटमनची_लेक
बसलेला? माझे बाबा २२ वर्षं गेटवर होते, विदर्भातल्या एका लाईनवर. बारा तासांची ड्यूटी. त्यांचं गेट इंटरलॉक नव्हतं. स्टेशन मास्तरांचा फोन यायचा, गेट बंद करून चावी लावायची, मग प्रायव्हेट नंबर, म्हणजे गेट बंद झाल्याच्या खात्रीचा आकडा, द्यायचा-घ्यायचा आणि तो रजिस्टरला लिहायचा, गाडी आली की हिरवी झेंडी घेऊन उभं राहायचं. आई डबा पाठवायची तो बरेचदा तसाच परत यायचा. एकदा बूम वर घेतला नाही म्हणून ट्रॅक्टरवाल्याने दगड मारला, भुवईवर चार टाके. गाडीला दीड मिनिट होतं. वर घेतला असता तर तो ट्रॅक्टरवाला आज नसता.

बदलापूर_स्लो
तुमच्या वडिलांबद्दल नाही बोललो मी. पण ८ जुलै २०२५ ला तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमला शाळेची व्हॅन ट्रेनखाली आली, तीन मुलं गेली. तिथे गेटमन होताच ना?

गेटमनची_लेक
होता. आणि ते गेट इंटरलॉक नव्हतं, बाबांच्या गेटसारखंच. इंटरलॉक असतं तर गेट उघडं असताना ट्रेनला सिग्नलच मिळाला नसता. माणूस चुकतो, म्हणून यंत्र लागतं. बिनमाणसाची फाटकं ब्रॉडगेजवरून जानेवारी २०१९ पर्यंत काढली, छान झालं. पण माणूस असलेलं प्रत्येक गेट इंटरलॉक करा हे तुम्ही का नाही मागत? पुलाच्या मानाने त्याला पैसे किती लागतात? तुम्ही मागता गेटमनला शिक्षा.

अंधेरी_पूर्व
हा मुद्दा बरोबर आहे. पण दिव्याचं गेट इंटरलॉक आहेच, आणि नेमकी म्हणूनच लोकल थांबते. धागा दिव्याचा आहे, विदर्भाचा नाही.

गेटमनची_लेक
धागा दिव्याचा होता तर दिव्याच्या गेटमनला शिव्या कुणी घातल्या? रोज तिथे अंगावर धावून येतात लोक. एक दिवस त्या केबिनमध्ये बसून बघा.

बदलापूर_स्लो
ठीक आहे, गेटमनचं वाक्य मागे घेतो. चुकलं. लेटमार्कचं मात्र मागे घेत नाही.

दिवा_पूर्व
घेऊही नका. माझंही ऐका आता. सकाळी ७ ते १० या वेळात रस्त्यावरच्या वाहनांना फाटक बंद, फक्त अँब्युलन्स आणि पेशंटच्या रिक्षेला उघडायचं. मला चालेल. दिव्यात हे बोललो तर माझे शेजारीच मला धरतील, तरी बोलतो. पण त्याआधी दोन्ही बाजूंना लिफ्ट आणि सरकते जिने, चालू असलेले. माझी आई गुडघ्यांची आहे, दर सहा पायऱ्यांना थांबते. आणि पुलावर फुटपाथ नसेल तर तो पूल आमचा नाही.

रिटायर्ड_पीवे
फुटपाथ ड्रॉइंगमध्येच टाकून घ्या. नंतर कोणी जोडून देत नाही.

बदलापूर_स्लो
लिफ्टचं मान्य. पेशंटची रिक्षा कोण ठरवणार, गेटमन? परत त्याच्याच अंगावर येतील सगळे.

गेटमनची_लेक
तेच म्हणतेय. पोलीस उभा करा तिथे. तो दांडा एकट्या माणसाच्या हातात देऊ नका.