स्पेस फोर्सचं नाव कायद्यात घालणं म्हणजे टाइमपास? तात्या, जरा थांबा

मंजू_ऑरोरा

परवा इथे तात्यांनी स्पेस फोर्सबद्दल, म्हणजे अमेरिकेच्या नव्या अवकाश दलाबद्दल, पोस्ट टाकली होती. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "राज्यांच्या विधिमंडळांना काही कामधंदा उरलेला नाही. कायद्यात जिथे जिथे आर्मी, नेव्ही, एअर फोर्स लिहिलंय तिथे शेपटीला स्पेस फोर्स चिकटवत बसलेत. दहा हजारांच्या आतबाहेरची फोर्स, तीपण एसीत कॉम्प्युटरसमोर बसणारी. आमच्या टॅक्सच्या पैशाने टाइमपास." खाली हसण्याच्या स्मायलींची रांग.

मी सहसा लिहीत नाही, पण हे वाचून दोन रात्री डोक्यात भुंगा चालू होता म्हणून लिहितेय.

माझा जावई आधी एअर फोर्समध्ये होता, इथेच कोलोराडोत, बकलीच्या बेसवर. २०२१ मध्ये त्याची बदली स्पेस फोर्समध्ये झाली. बदली म्हणजे काय तर खुर्ची तीच, टेबल तेच, डबा खायची जागा तीच, फक्त छातीवरची पट्टी बदलली आणि एअरमनचा गार्डियन झाला (स्पेस फोर्सच्या सैनिकाला गार्डियन म्हणतात). आम्ही पेढे वाटले. पुढे दीड वर्षाने दुसऱ्या राज्यात पोस्टिंग आलं, तेही फेब्रुवारीत, नात अकरावीत असताना. आता सैन्यातल्यांच्या मुलांची अशी अधेमधे शाळा बदलली की त्यांचं नुकसान होऊ नये म्हणून पन्नासच्या पन्नास राज्यांनी केलेला एक करार आहे. आधीच्या शाळेतले विषय धरायचे, कागद यायला उशीर झाला तरी वर्गात बसू द्यायचं, वगैरे. लेक तो कागद प्रिंट काढून घेऊन गेली.

शाळेच्या खिडकीतल्या बाईंनी चष्मा लावला आणि त्या यादीवर बोट ठेवून एकेक नाव वाचायला लागल्या. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, मरीन, कोस्ट गार्ड. मग समुद्र-हवामान खात्याच्या गणवेशातले अधिकारी. मग सार्वजनिक आरोग्य खात्याचे. बोट खाली आलं, यादी संपली. "यात तुमचं नाव नाहीये." लेक म्हणाली अहो हे एअर फोर्समधूनच निघालंय. तर त्या म्हणाल्या मग एअर फोर्सचं पत्र आणा. एअर फोर्स कशाला पत्र देईल, माणूस त्यांच्याकडे नाहीच!

अकरा दिवस पोरगी घरी बसली. शेवटी बेसवर शाळांचं बघणारा एक माणूस असतो त्याने फोनाफोनी केली तेव्हा सुटलं. त्या बाई वाईट नव्हत्या हो. त्यांच्यासमोर जे छापलेलं होतं ते त्यांनी वाचलं. वादळवाऱ्याचे अंदाज बघणारे यादीत आणि उपग्रह सांभाळणारा बाहेर, कारण यादी लिहिली तेव्हा ही फोर्सच नव्हती. तर तात्या, तो एक शब्द चिकटवणं टाइमपास नाही. आमच्या घरात त्या शब्दाची किंमत अकरा दिवस आहे.

तात्या_ऑस्टिन

मंजूताई, नातीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण यात कायदा कुठे चुकला? क्लार्क चुकला. जगातला कुठलाही कायदा बदला, खिडकीतला माणूस तोच राहतो.

माझा मुद्दा अजून तोच आहे. सैन्यातल्या माणसाची मोठी संरक्षणं फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यात आहेत. बदली झाली की घराचा करार मोडता येणं, कर्जाच्या व्याजाला मर्यादा, सगळं फेडरल. तिथे टायटल १० च्या, म्हणजे सैन्याबद्दलच्या फेडरल कायद्याच्या, कलम १०१ मध्ये आर्म्ड फोर्सेसची व्याख्या आहे आणि त्यात स्पेस फोर्स आहे. राज्यांनी एक ओळ लिहावी, "तिथे जी व्याख्या तीच आमची", विषय खल्लास. ते न करता ही मंडळी शिकारीच्या लायसन्सचं कलम वेगळं, नंबरप्लेटचं वेगळं, झेंडे कुठल्या क्रमाने लावायचे त्याचं वेगळं, असं एकेक उघडून शब्द घालणार, मग फोटो काढणार, मग ट्विट करणार. आमची टेक्ससची विधानसभा दोन वर्षांतून १४० दिवस बसते. १४० दिवस! त्यात प्रॉपर्टी टॅक्सवर बोला ना. इन्कम टॅक्स नाही म्हणून मिरवतात आणि घरावर दरोडा घालतात. माझं ह्या वर्षीचं बिल बघाल तर चक्कर येईल.

मंजू_ऑरोरा

आला प्रॉपर्टी टॅक्स! मी मनात म्हणतच होते, तिसऱ्या परिच्छेदापर्यंत येणार.

आणि १४० दिवसांचं तुम्हीच माझ्या बाजूने बोललात. स्पेस फोर्सचा कायदा झाला २० डिसेंबर २०१९ ला. तुमची विधानसभा बसते विषम सालात, म्हणजे पहिली संधी २०२१, ती हुकली की थेट २०२३. तोवर कागदावर त्या माणसाने काय व्हायचं, मरीन?

हौशी_कायदेवाला

तात्यांची "एक ओळ" दिसते तेवढी सोपी नाही. बऱ्याच राज्यांत असं मानतात की विधिमंडळाने दुसऱ्याचा, पुढे कधीतरी होणारा कायदा आधीच मान्य करून टाकणं चालत नाही, कारण मग आपला अधिकारच दुसऱ्याला दिल्यासारखं होतं. त्यामुळे "टायटल १० प्रमाणे" असं २०१० साली लिहिलं असेल तर ते २०१० चं टायटल १० धरायचं की आजचं, यावर दोन वकील दोन्हीकडून बिलं लावू शकतात. म्हणून लोक शहाणपणाने नाव घालून मोकळे होतात. खुद्द संरक्षण खात्याची माणसं राज्याराज्यांत जाऊन हेच सांगत असतात, तुमच्या व्याख्या दुरुस्त करा म्हणून.

आणि फेडरलवाल्यांनी तरी एका दमात कुठे केलं? फोर्स स्थापन डिसेंबर २०१९ ला. पगार, भत्ते, निवृत्तांचे लाभ या सगळ्या कायद्यांत नाव नीट घालायला पुढच्या वर्षीचा संरक्षण कायदा लागला. गंमत म्हणजे ज्या ट्रंपसाहेबांनी फोर्स काढली त्यांनीच तो कायदा व्हेटो केला (कारणं वेगळी होती) आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १ जानेवारी २०२१ ला व्हेटो उलटवून तो पास केला.

तात्या_ऑस्टिन

वकील आले म्हणजे कुणाचं तरी पोट भरणार.

बरं मग हे सांगा. अमेरिकेच्या राज्यघटनेत काँग्रेसला काय अधिकार दिलाय? आर्मी उभारायचा आणि नेव्ही ठेवायचा. एअर फोर्सचा उल्लेखच नाही. १९४७ ला एअर फोर्स वेगळी झाली, कुणी घटना बदलली? पाऊणशे वर्षं बॉम्बर उडतायत, कुणाचं अडलं? आणि स्पेस फोर्स अजून एअर फोर्सच्याच खात्याखाली आहे. डॉक्टर त्यांचे, वकील त्यांचे, पाद्रीसुद्धा त्यांचे. वेगळं बिऱ्हाड केलं आणि जेवायला आईकडे.

मंजू_ऑरोरा

जेवायला आईकडे गेलं तरी रेशनकार्डावर नाव वेगळं लागतं, तात्या. आणि घटनेचा अर्थ लावायला सुप्रीम कोर्ट बसलंय. शाळेच्या खिडकीचा अर्थ लावायला कोण बसलंय?

बापू_माणदेशी

नमस्कार. मी इकडे गावाकडून वाचतोय. तुमच्या अमेरिकेतलं मला काही कळत नाही पण ताईंनी ते यादीवर बोट ठेवायचं लिहिलं ना, तिथं थांबलो.

माझे वडील सीआरपीएफमधून रिटायर. मणिपूर, काश्मीर, बस्तर सगळं झालं. २०२० ला आपल्या सरकारने माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली, पेपरात आलं, वडील म्हणाले चला. ट्रंकेतून सगळी मेडल काढली, पिशवीत घातली आणि गेलो. तिथला भाऊसाहेब म्हणाला माजी सैनिक असल्याचा दाखला आणा. तो दाखला सीआरपीएफवाल्याला मिळतच नाही, कारण माजी सैनिक म्हणजे आर्मी नेव्ही एअर फोर्स. वडील काही बोलले नाहीत. घरपट्टी भरली, पावती घेतली, पिशवी सायकलला अडकवली आणि आले. त्या दिवसापासून ती मेडल ट्रंकेत गेलीच नाहीत, अजून पिशवीतच आहेत खुंटीला.

सुभेदार_कोरेगाव

बापू, वडिलांना सलाम. पण गल्लत नको. आर्मीतला जवान पस्तीस चाळिशीत घरी येतो, पोरं लहान असतात, परत नोकरी शोधावी लागते. म्हणून माजी सैनिकांच्या सवलती. सीआरपीएफवाला साठपर्यंत नोकरी करतो. दोन्ही एका तागडीत कसे घालणार? उद्या होमगार्ड येतील, परवा वनरक्षक येतील. यादी असते ती कुणाला तरी बाहेर ठेवायलाच असते.

बापू_माणदेशी

रिटायर व्हायचं वय साठ २०१९ ला झालं, तेपण कोर्टात गेल्यावर, सगळ्या हुद्द्यांना. आणि साठीपर्यंत जंगलात फिरवणं ही सवलत आहे का सुभेदारसाहेब? दंतेवाड्याला ६ एप्रिल २०१० ला ७६ जण गेले. पुलवाम्याला ४०, त्यात दोघे आपल्या बुलढाण्याचे. तेव्हा टीव्हीवर सगळे "जवान शहीद" म्हणतात. तेव्हा नाही कुणी विचारत की जवान कुठल्या यादीतला.

सुभेदार_कोरेगाव

शहिदांना मधे आणू नका. मी कारगिलला होतो, मला शिकवायची गरज नाही.

बापू_माणदेशी

शिकवत नाही, विचारतोय. उत्तर नसेल तर नसू दे.

उगाच_एक

अंतराळयान दंतेवाड्यात उतरलेलं आहे. मी शेंगदाणे घेऊन बसलोय, चालू द्या.

हौशी_कायदेवाला

उगाच, हे अवांतर नाहीये, मूळ विषयच आहे. बापूंच्या वडिलांचं जाऊ दे, नंतर भरती झालेल्यांचं बघा. १ जानेवारी २००४ नंतर केंद्रात लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद. पण २२ डिसेंबर २००३ च्या त्या अधिसूचनेत दोन शब्दांची सूट होती, आर्म्ड फोर्सेस वगळून. सरकार म्हणतं याचा अर्थ तिन्ही दलं. सीआरपीएफ, बीएसएफवाले म्हणतात आमच्या स्वतःच्या कायद्यात आम्हाला "सशस्त्र दल" म्हटलंय, मग आम्ही कोण? दिल्ली हायकोर्टाने ११ जानेवारी २०२३ ला त्यांच्या बाजूने निकाल दिला. सुप्रीम कोर्टात स्थगिती मिळाली.

आणि तात्या, तुमच्यासाठी: आपल्या भारतीय घटनेत संघसूचीच्या (केंद्राच्या विषयांच्या यादीच्या) दुसऱ्या नोंदीत भूदल, नौदल, वायुदल लिहून पुढे "आणि संघाची इतर कोणतीही सशस्त्र दले" असं आहे. म्हणजे तुम्हाला हवी तशी सगळ्यांना पोटात घेणारी ओळ. तरी भांडण वीस वर्षं चालूच आहे.

बापू_माणदेशी

धाकटा भाऊ २००९ चा भरती आहे. तो त्या तारखांवर तारखा बघत बसलाय.

तात्या_ऑस्टिन

हे मात्र मला माहीत नव्हतं. पण याने माझंच सिद्ध होतं ना? नाव घाला नाहीतर "इतर" घाला, ज्याला द्यायचं नाही तो देत नाही. मग शब्द घालण्यात वेळ का घालवायचा?

मंजू_ऑरोरा

उलटं आहे. सीआरपीएफचं नाव त्या २००३ च्या कागदात स्पष्ट असतं, आत किंवा बाहेर, तर बापूंच्या भावाला वीस वर्षांनी कोर्टाकडे बघत बसावं लागलं नसतं. निदान काय ते कळलं असतं. मला तर वाटतं सुभेदारकाकांचं म्हणणंही त्याने सुटतं. सवलत देऊ नका हवी तर, पण तोंडावर सांगा. माणसाला पिशवीत मेडल भरून पायपीट करायला लावू नका.

पराग_कोलोराडोस्प्रिंग्ज

तुम्ही शब्दांवर डोकं फोडताय आणि खरा राज्य विरुद्ध केंद्र मामला राहिलाच. स्पेस फोर्सला स्वतःचं नॅशनल गार्ड, म्हणजे राज्यांच्या हाताखालचं अर्धवेळ दल, नाही. अवकाशाचं काम करणारी माणसं एअर नॅशनल गार्डमध्ये आहेत, आमच्या कोलोराडोत, कॅलिफोर्नियात, अलास्कात, अजून काही राज्यांत. ती युनिट गव्हर्नरांना न विचारता स्पेस फोर्सला द्यायची असं ठरलं तेव्हा दोन्ही पक्षांचे जवळपास सगळे गव्हर्नर एका सुरात ओरडले. तरी झालंच. आणि स्पेस फोर्सने रिझर्व, म्हणजे राखीव, असा वेगळा भागच ठेवलेला नाही, पूर्णवेळ आणि अर्धवेळ एकाच दलात. आता राज्यांच्या कायद्यात जिथे जिथे "गार्ड किंवा रिझर्वमधील व्यक्ती" लिहिलंय तिथे या अर्धवेळवाल्याला कुठल्या खणात टाकणार? नुसतं नाव चिकटवून हे भागत नाही.

तात्या_ऑस्टिन

अरे देवा. म्हणजे अजून एक सेशन यातच जाणार.

पराग_कोलोराडोस्प्रिंग्ज

हो. आणि तुमचा प्रॉपर्टी टॅक्स परत राहणार.

तात्या_ऑस्टिन

हसा. शंभर टक्के अपंगत्व असलेल्या माजी सैनिकाला टेक्ससमध्ये राहत्या घराचा टॅक्स पूर्ण माफ आहे, यादी वाढली की बाकीच्यांवर बोजा येतो एवढंच माझं गणित होतं.

मंजू_ऑरोरा

तात्या, हे तुम्ही परत एकदा शांतपणे वाचा आणि सांगा, शंभर टक्के अपंग झालेल्या माणसाचा टॅक्स तुम्हाला खरंच बोचतो?

तात्या_ऑस्टिन

नाही. ते चुकीचं लिहिलं गेलं, मागे घेतो. टाइमपास शब्दही मागे घेतो, अर्धा. ट्विट करणाऱ्यांसाठी अर्धा ठेवतो.

सुभेदार_कोरेगाव

बापू, रागात बोललो. पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका. पुढच्या आठवड्यात म्हसवडकडे लग्नाला येणार आहे, वडिलांना भेटून जाईन. सवलतीबद्दल माझं मत आहे तेच आहे.

बापू_माणदेशी

या. मतासकट या. जेवूनच जायचं.

नवीन_सभासद_७७

वरचे प्रतिसाद वाचले नाहीत. स्पेस फोर्सवाल्यांना चंद्रावर पाठवतात का? आणि भाच्याला इथून अर्ज करता येईल का, बारावी सायन्स आहे.